पँट्री नसलेल्या गाडीची शिदोरी: सांगली ते नागपूर, चोवीस तासांचं जेवण

मुलगी नागपूरला शिकायला गेली आणि आमच्या महाराष्ट्र एक्सप्रेसच्या वाऱ्या सुरू झाल्या. ही गाडी कोल्हापूरहून दुपारी निघते. मिरज, सांगली, कराड, सातारा करत रात्री पुण्यात येते. पुढे दौंड, अहिल्यानगर, मनमाड होईपर्यंत रात्र सरते आणि भुसावळच्या आसपास उजाडतं. शेगाव, अकोला, बडनेरा, वर्धा झाल्यावर नागपूर येतं, तोवर दुसऱ्या दिवसाची दुपार कलायला लागलेली असते. सांगलीत चढल्यापासून साधारण चोवीस तास. आम्ही जितक्या वेळा गेलो तितक्या वेळा या गाडीला पँट्रीचा डबा नव्हता.

पहिल्या वेळी हे आम्हाला माहीतच नव्हतं. लांबची गाडी आहे म्हणजे जेवण येणारच, असं धरून चाललो. सोबत रात्रीपुरत्या पोळ्या, बटाट्याची भाजी आणि एक बिस्किटांचा पुडा. भाजी गरम असतानाच डब्यात भरून झाकण घट्ट लावलं होतं. धाकटा लवकर झोपला म्हणून त्याच्या वाटणीची तशीच ठेवली. मनमाडच्या सुमाराला तो भुकेने उठला, मी डबा उघडला, तर भाजीला तार सुटली होती. चमचा वर उचलला की बारीक धाग्यासारखी ओढली जात होती. पुढे गाडी एका आडजागी सिग्नलला दीड तास उभी राहिली. बरोबर माझी आई होती, तिला मधुमेह आहे. तिची सकाळची वेळ आम्ही बिस्किटांवर भागवली, हे मला आजही लागतं.

त्यानंतर प्रत्येक वारीत थोडं थोडं सुधारत एक पद्धत बसली. तिचं सूत्र एका ओळीत सांगता येतं: लवकर बिघडणारं आधी पोटात, टिकणारं शेवटी, आणि एक जेवण असं जे घरून निघताना कुणाच्याच हिशोबात धरायचं नाही. बाकीचा सगळा लेख हे प्रत्यक्षात कसं करायचं त्याबद्दल आहे.

आधी गाडी ओळखा

तिकीट काढतानाच बघा. आयआरसीटीसीवर किंवा चौकशी खिडकीवर पँट्री आहे का ते कळतं, रेल्वेच्या १३९ या मदत क्रमांकावर फोन करूनही विचारता येतं. डब्यांची रांग दाखवणाऱ्या फलकावर किंवा ॲपमध्ये ‘पीसी’ अशी खूण असेल तर पँट्रीचा डबा आहे. मिरजेवरून निजामुद्दीनला जाणाऱ्या गोवा एक्सप्रेसचा हिशोब वेगळा, तिला पँट्री असते. राजधानी, शताब्दी, वंदे भारत यांत तिकिटाबरोबरच जेवण निवडता येतं. बाकीच्या गाड्यांबद्दल ऐकीव माहितीवर विसंबू नका, कारण पँट्री लागते किंवा काढलीही जाते. काही गाड्यांत पँट्री नसली तरी फेरीवाले अधिकृतपणे चहा-नाश्ता घेऊन चढतात. त्यांना वरकड समजा, त्यांच्यावर जेवण टाकू नका.

मग वेळापत्रक काढून बसा आणि दोन गोष्टी शोधा. एक, प्रत्येक जेवणाच्या वेळी गाडी साधारण कुठे असेल. दोन, पाच मिनिटांपेक्षा मोठे थांबे कोणते. आमच्या मार्गावर पुण्याचा थांबा मोठा, कारण मिरजेकडून येणारी गाडी घोरपडीच्या बाजूने पुण्यात शिरते आणि दौंडकडे जायला पुन्हा त्याच दिशेला निघते. त्यासाठी इंजिन दुसऱ्या टोकाला लावावं लागतं. पाण्याच्या बाटल्या घ्यायची ही सगळ्यात निवांत जागा. भुसावळही जंक्शन, तिथेही बऱ्यापैकी वेळ मिळतो.

सातारकर आणि कऱ्हाडकरांसाठी एक वेगळी गोष्ट. साताऱ्याचं स्टेशन गावात नाही, ते माहुलीच्या बाजूला आहे. कराडचं स्टेशन ओगलेवाडीला. त्यामुळे ‘स्टेशनवर जाता जाता घेऊ’ म्हणून ठेवलेली फळं, ब्रेड, लिंबं हमखास राहतात. जे लागेल ते आदल्या दिवशी गावातून घरी आलेलं असू द्या. सांगलीत स्टेशन गावातच आहे, पण ऐनवेळची धावपळ तिथेही तीच.

घड्याळ मांडा

भांडी काढण्यापूर्वी कागद घ्या. आमचा कागद असा असतो: संध्याकाळी पाचचा खाऊ, रात्री आठचं जेवण, सकाळी सातची न्याहारी, दुपारी बाराचं जेवण. चार वेळा झाल्या. पाचवी ओळ ‘उशीर’ अशी लिहायची. गाडी वेळेवर पोचली तर ती शिदोरी न उघडता मुलीच्या हॉस्टेलवर जाते आणि तिथे तिचं आणि तिच्या मैत्रिणींचं काम होतं.

माणशी किती, हे घरोघरी वेगळं. आमच्या चौघांच्या अंदाजाने रात्रीला माणशी तीन पोळ्या, दुसऱ्या दिवशी दुपारी तीन दशम्या आणि उशिराच्या खात्यात दोन. म्हणजे १२ पोळ्या आणि २० दशम्या. प्रवासात हालचाल नसते म्हणून भूक कमी लागते असं मोठी माणसं म्हणतात. मुलांच्या बाबतीत माझा अनुभव उलटा आहे, खिडकीतून बघत बसलेलं मूल दर तासाला खायला मागतं. म्हणून त्यांचा खाऊ जेवणातून वेगळा काढायचा आणि वेगळ्या छोट्या डब्यांत भरायचा. एकच मोठा डबा दिलात तर तो साताऱ्याच्या आत संपतो.

काय आधी, काय नंतर

शिजवलेलं ओलं अन्न बाहेर ठेवल्यावर किती वेळ सुरक्षित, याचा ठरलेला नियम कडक आहे: साधारण दोन तास, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. ५ ते ६० अंशांच्या मधल्या उष्णतेत जंतू झपाट्याने वाढतात आणि एप्रिल-मेमध्ये आपला स्लीपरचा डबा दिवसभर त्याच पट्ट्यात असतो. भाताचं तर आणखी एक आहे. तांदळातल्या एका जातीच्या जंतूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, भात कोमट राहिला की ते पुन्हा वाढतात आणि त्यांनी सोडलेलं विष परत गरम केलं तरी जात नाही. मसालेभात प्रवासाला सोयीचा म्हणून अनेकजण नेतात. मी तो नेणं बंद केलं आहे.

दहीभात न्यायचाच असेल तर पाचच्या खाऊत धरा आणि कराडच्या आत संपवा. मऊ भातात गार केलेलं दूध आणि चमचाभरच दही घातलं की तो आंबट होत नाही, पण म्हणून तो रात्रीपर्यंत ठेवायचा नाही.

मग उतरंड लावायची. सगळ्यात वर, म्हणजे सगळ्यात आधी संपवायचं: दहीभात, काकडीची कोशिंबीर वगैरे. त्याखाली रात्रीच्या पोळ्या आणि कोरडी भाजी. भाजी म्हणजे परतून पाणी आटवलेली: तेलावरची गवार, भेंडी, तोंडल्याच्या काचऱ्या, कारल्याच्या काचऱ्या. बटाटा, ओलं खोबरं, टोमॅटो, कच्चा कांदा आणि दाण्याच्या कुटाचा ओला रस हे डब्यातून हद्दपार. कोरड्या झुणक्यात कांदा न घालता भरपूर तेलावर तो मोकळा केला तर थंडीच्या दिवसांत रात्रीपुरता चालतो. उन्हाळ्यात मी भाजीच वगळते, चटणी आणि लोणच्यावर रात्र भागते आणि कुणाचं काही अडत नाही.

त्याखाली दुसऱ्या दिवसाचं: दशम्या, धपाटी, तिखटमिठाच्या पुऱ्या. तळाला आठवडाभर टिकणारं: भडंग, चिवडा, लाडू, बेदाणे, दाण्याची चटणी, सातूचं पीठ. पिशवीत भरतानाही हाच क्रम ठेवा. आधी लागणारं वर आलं की रात्री अंधारात सगळं उपसावं लागत नाही.

सुकं मटण किंवा उकडलेली अंडी नेऊ का, असं आमच्याकडे दर वेळी विचारलं जातं. नेऊ नका. दोन्ही बिघडणाऱ्यांत येतात, आणि बंद डब्यात सुक्या मटणाचा वास शेजारच्या बाकावरच्या माळकऱ्याला सोसावा लागतो.

दशमी

हिच्यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण पूर्ण प्रवासाचा भार हिच्यावर असतो. आमच्या आजीच्या वेळी गावाहून कुणी लांब निघालं की दशम्या व्हायच्याच. पाण्याऐवजी दुधात पीठ भिजवायचं, एवढाच खरा फरक, पण तेवढ्याने ती दुसऱ्या दिवशीही मऊ राहते आणि पाण्यात भिजवलेल्या पोळीसारखी वातड होत नाही.

२० दशम्यांसाठी सहा वाट्या कणीक आणि दोन वाट्या ज्वारीचं पीठ घ्या. चार चमचे तेल कडक तापवून मोहन घाला, मीठ, हवं तर ओवा आणि तीळ. उकळून कोमट केलेलं दूध थोडं थोडं घालत पीठ भिजवा, साधारण तीन वाट्या लागतं, पण पिठानुसार कमी-जास्त होईल. एक थेंबही पाणी नको. पीठ पोळीपेक्षा घट्ट ठेवा आणि २० मिनिटं झाकून ठेवा. लाटताना पोळीपेक्षा जाड, भाकरीपेक्षा पातळ. मध्यम आचेवर दोन्ही बाजूंनी तूप सोडून नीट भाजा, कडेला कच्ची राहिली तर तिथूनच बिघडायला लागते.

गोड दशमी करायची तर गूळ किसून कोमट दुधात विरघळवा. दूध गरम असताना गूळ घातला तर दूध फाटतं. माझं एकदा सगळं दूध असं गेलं आहे. गोड दशमी भाजताना गुळामुळे लवकर करपते, म्हणून आच मंद ठेवा. चौघांत सहा-सात गोड पुरतात, बाकीच्या तिखटमिठाच्या.

आता सगळ्यात महत्त्वाची पायरी, जी घाईत सुटते. तव्यावरून काढलेली दशमी थेट डब्यात घालायची नाही. आई त्यासाठी जुन्या धोतराचा धुतलेला तुकडा वापरते. ओट्यावर तो पसरायचा आणि दशम्या एकीवर एक न ठेवता सुट्या मांडायच्या. पाच मिनिटांनी उलटल्या की खाली कापडावर दमटपणाचा गोल डाग दिसतो. ती वाफ डब्यात गेली असती. पूर्ण गार झाल्या, हाताला अजिबात कोमटपणा लागत नाही असं झालं की मग एकीवर एक रचून कोरड्या सुती कापडात गुंडाळायच्या आणि स्टीलच्या डब्यात. गाडी दुपारची असेल तर दशम्या सकाळी करा. पहाटेची असेल तर आदल्या रात्री करून रात्रभर कापडाखाली उघड्या गार होऊ द्या.

चटण्या, भडंग आणि सकाळची न्याहारी

चटणी तीन दिवस आधी करून ठेवा. शेंगदाणे मंद आचेवर खरपूस भाजा, सालं पाखडा. लसूण थोड्या तेलावर तांबूस परतून घ्या, कच्चा घातला तर त्यातल्या ओलाव्याने चटणी लवकर खराब होते. तिखट, मीठ, जिरं घालून खलबत्त्यात कुटा. मिक्सर लावायचाच तर थांबत थांबत फिरवा, नाहीतर तेल सुटून गोळा होतो. कारळ्याची आणि जवसाची चटणीही अशीच टिकते. खर्डा मात्र मिरच्या तेलावर पूर्ण परतून पाणी उडवूनच न्या, आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत संपवा.

भडंग हे सांगली-कोल्हापूरकडचं प्रवासासाठीच जन्मलेलं खाणं वाटावं असं आहे. चुरमुरे उन्हात किंवा कढईत कुरकुरीत करून लसूण, कढीपत्ता, दाणे यांच्या फोडणीत मेतकूट आणि तिखट घालून परतायचं, पूर्ण गार झाल्यावर डब्यात. कांदा, कोथिंबीर, लिंबू बरोबर अख्खं न्या आणि खाताना त्यात मिसळा. एकदम सगळ्यात कालवून ठेवलेलं भडंग अर्ध्या तासात चिवट होतं. डबा घट्ट झाकणाचा लागतो, पिशवीत भरलेलं भडंग दौंडपर्यंत सादळलेलं असतं.

बेदाणे आपल्या जिल्ह्यातलेच, तासगावचे. मूठभर बेदाणे, मूठभर भाजके दाणे आणि खारीक असं एकत्र करून मुलांच्या लहान डब्यांत भरा. दाण्यांचं पोषण आणि बेदाण्यांची गोडी, दोन तास भूक भागते.

न्याहारीला विस्तव लागत नाही असं काहीतरी हवं, आणि त्यासाठी सातूच्या पिठाला तोड नाही. भाजलेले गहू आणि डाळं, जिरं-सुंठ किंवा वेलदोडा घालून दळून आणलेलं पीठ. गूळ बारीक चिरून वेगळ्या डबीत न्या. सकाळी वाटीत पीठ, गूळ आणि बाटलीतलं पाणी कालवलं की दोन मिनिटांत न्याहारी. दुधातलं छान लागतं, पण दूध घरून नेऊ नका. लहान बंद टेट्रा पॅक न्या आणि उघडलेलं तेव्हाच संपवा.

थर्मासात गरम पाणी नेऊन सकाळी झटपट उपमा भिजवायचा प्रयत्न मी केला आहे. दुपारी तीनला भरलेलं पाणी सकाळी सातला उपमा फुलवण्याइतकं गरम राहत नाही. चहाच्या टपरीवर उकळतं पाणी भरून मिळालं तर होतं, पण तो योग जुळण्यावर न्याहारी ठेवू नका. आणि विजेची किटली, शेगडी, स्टोव्ह यांतलं काहीच गाडीत लावायचं नाही. डब्यातले सॉकेट मोबाइल चार्ज करण्यापुरते असतात, त्यावर किटली लावली की तार तापते. ज्वलनशील वस्तू, गॅस, रॉकेल नेणं १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १६४ खाली गुन्हा आहे: तीन वर्षांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कायदा बाजूला ठेवला तरी शंभर माणसं झोपलेल्या डब्यात आगीचा धोका कुणी घेऊ नये.

पाणी

माणशी तीन लिटर धरा, उन्हाळ्यात चार. घरून दोन लिटर, उरलेलं पुण्यात आणि भुसावळला. बाटलीबंद पाणी घेताना बुचाचं सील फिरवून बघा, तुटताना कडकन आवाज आला पाहिजे. छापील किमतीपेक्षा जास्त देऊ नका, मागितले तर १३९ वर तक्रार करता येते. रिकामी बाटली चुरगळून टाका, म्हणजे ती पुन्हा भरून कुणाला विकली जाणार नाही.

हात धुवायला वेगळं पाणी ठेवा. बेसिनचं पाणी पहाटेपर्यंत संपलेलं असणं नवीन नाही. साबणाचा छोटा तुकडा एका डबीत, आणि जेवायच्या आधी एका बाटलीने सगळ्यांच्या हातावर पाणी घालायचं. पोट बिघडण्यात डब्यातल्या अन्नाचा जेवढा वाटा असतो तेवढाच हातांचाही असतो, दिवसभर आपण दांड्या, शिड्या आणि खिडक्या धरत असतो. ओआरएसची दोन पाकिटं बरोबर असू द्या, आणि पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात पूर्ण पाकीट घाला. अंदाजाने अर्धं पाकीट घातलं तर क्षार आणि साखरेचं प्रमाण बिघडतं.

डबे आणि कापड

स्टीलचे चपटे डबे सगळ्यात चांगले, बाकाखाली बसतात. गरम अन्न भरून झाकण लावणं हा पहिला शत्रू, त्याबद्दल वर बोललेच आहे. वर्तमानपत्रात पोळ्या गुंडाळू नका. छपाईच्या शाईतले घातक घटक अन्नात उतरतात, याबद्दल अन्न सुरक्षा प्राधिकरणानेही सावध केलं आहे. सुती कापड किंवा केळीचं पान वापरा. पान आधी विस्तवावरून फिरवलं की चिरत नाही, आणि जेवताना तेच ताट होतं.

एक लहान सुरी, चार वाट्या, चार चमचे, दोन नॅपकिन आणि दोन जाड कचऱ्याच्या पिशव्या. उष्टं, साली, कागद खिडकीबाहेर किंवा संडासात टाकू नका. हल्ली डब्यांना जैव शौचालयं आहेत, ती कचऱ्याने तुंबतात. पिशवीला गाठ मारून डब्यातल्या कचराकुंडीत टाका.

उंदीर आणि झुरळं गाडीत असतात, हे धरूनच चाला. रात्री झोपताना एकही उघडा पुडा बाकावर किंवा खाली ठेवू नका, सगळं स्टीलमध्ये आणि डबे पिशवीत, पिशवी चेन लावून बंद.

स्टेशनवरचं आणि मागवलेलं

घरची शिदोरी पूर्ण असली की स्टेशनवरचं खाणं भीतीने न घेता आनंदाने घेता येतं. आमच्याकडे तर एक जागा ठरलेली आहे: शेगावची कचोरी. गाडी सकाळी शेगावला येते तेव्हा टोपल्या गाडीला येऊन लागतात, सोबत हिरवी मिरची. गरम आहे का ते कागदातून हाताला लागलं पाहिजे. गार असेल तर मी घेत नाही. जळगाव-भुसावळकडे केळी मिळतात, सालीतलं फळ सगळ्यात निर्धोक. कापून ठेवलेलं कलिंगड, अननस, उघड्यावरची भेळ, बर्फ घातलेलं सरबत याला हात लावू नका.

काही स्टेशनांवर जनरल डबे थांबतात त्या जागेसमोर २०२३ पासून स्वस्त जेवणाचे काउंटर सुरू झाले आहेत: २० रुपयांत सात पुऱ्या, बटाट्याची कोरडी भाजी आणि लोणचं. विनाआरक्षण प्रवास करणाऱ्यांना त्याचा खरा आधार आहे. ताजं असताना घ्या आणि लगेच खा, पुढच्या जेवणासाठी राखून ठेवू नका, ती बटाट्याचीच भाजी आहे.

उतरायचं तर एकाने, दुसरा सामानापाशी. दोन-तीन मिनिटांच्या थांब्यावर उतरूच नका, खिडकीतून मिळालं तर घ्या. सुटे पैसे शर्टाच्या खिशात काढून ठेवा, कारण नेमकं तेव्हा मोबाइलला नेटवर्क नसतं आणि फेरीवाल्याकडे पाचशेचे सुटे नसतात.

तिकिटावरचा पीएनआर क्रमांक टाकून जागेवर जेवण मागवण्याची आयआरसीटीसीची ई-केटरिंगची सोय आहे, फोनवर १३२३ क्रमांकावरूनही मागवता येतं. मी ती वापरते, पण दुसऱ्या दिवशीच्या दुपारसाठी, आणि तेव्हाही दशम्या तयार असतात. एकदा आम्ही असं जेवण मागवलं होतं, गाडी तीन तास उशिरा धावत होती. स्टेशन आलं तेव्हा फलाटावर जेवण घेऊन आलेलं कुणीच नव्हतं. पैसे नंतर परत आले. त्या दिवशी उशिराच्या खात्यातल्या दशम्या आणि दाण्याची चटणी काढली. मागवायचं ठरलं तर निघाल्यावर मागवा, गाडीची धाव ॲपवर बघून. मोठ्या थांब्याचं स्टेशन निवडा, आणि आलेलं पाकीट उघडून गरम आहे की नाही ते जेवण घेऊन आलेला माणूस समोर असतानाच बघा.

अनोळखी माणसाने दिलेलं खाऊ नये, ही सूचना रेल्वे सतत देते आणि ती पाळायलाच हवी. आपण देताना समोरच्याने नको म्हटलं तर वाईट वाटून घेऊ नका, तोही तीच सूचना पाळत असतो. मुलांना हे आधीच समजावून ठेवा.

आई आणि मुलं

मधुमेहाच्या माणसाच्या जेवणाची वेळ गाडीच्या वेळेवर सोडायची नाही. आईच्या गोळीची आणि जेवणाची वेळ मी मोबाइलच्या गजरात लावते. सकाळी न्याहारी उशिरा व्हायची शक्यता दिसली की एक दशमी आधी. तिच्या पर्समध्ये, सामानाच्या पिशवीत नव्हे, साखरेची पुडी किंवा ग्लुकोजची भुकटी असते. घाम, थरथर, अचानक गळून गेल्यासारखं वाटलं तर ती लगेच द्यायची आणि मग जेवण. इन्सुलिन घेत असाल तर ते कसं न्यायचं आणि डोस कसे हलवायचे हे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारून घ्या. सातूत तिच्यासाठी गूळ नको, मीठ-जिरं आणि लिंबू घालून ताकासारखं पातळ करून देते.

बाटलीवरच्या बाळाचं दूध घरून तयार करून नेऊ नका. पावडर कोरड्या डबीत मोजून, आणि चांगल्या थर्मासात उकळतं पाणी. बनवलेलं दूध दोन तासांत संपलं नाही तर ओतून द्या. रात्रभराच्या प्रवासात थर्मास मोठ्या स्टेशनवर पुन्हा भरावा लागेल.

ज्यांना गाडी लागते अशा मुलांना निघण्याआधी पोटभर जेवू घालू नका. थोडं थोडं, कोरडं: एक खाकरा, आवळकाठीचा तुकडा, चिमूटभर मीठ लावलेली लिंबाची फोड. उपास असेल तर राजगिऱ्याचे लाडू, खजूर, दाणे, घरचा बटाट्याचा कीस तळलेला. साबुदाण्याची खिचडी गार झाली की दगड होते आणि तिच्यात बटाटाही असतो.

परतीची शिदोरी

येताना मुलीच्या हॉस्टेलवर स्वयंपाकघर नसतं, तेव्हा जातानाच परतीचा अर्धा भाग बाजूला काढून ठेवा. भडंगाचे दोन डबे करा, एक उघडायचाच नाही. चटणी, लाडू, सातू यांचंही तसंच. पोळ्या नागपुरात पोळी-भाजी केंद्रावर आदल्या संध्याकाळी सांगून ठेवते, सकाळी त्या घेताना गरम पिशवीत बांधून देतात, ती पिशवी तिथेच सोडते आणि पोळ्या कापडावर पसरून गार करते. परतीची गाडी नागपूरहून सकाळी निघते, त्यामुळे पहिलं जेवण दिवसाचं आणि शेवटचं पुण्याच्या पुढे पहाटे. हिवाळ्यात बरोबर संत्री येतात, पिशवी जड होते पण वाटेत फळाचा प्रश्न राहत नाही.

रिकामे डबे नागपुरातच गरम पाण्याने धुवून उन्हात उघडे वाळवा. दमट डब्यात भरलेलं काहीही टिकत नाही, आणि आईचं ते धोतराचं कापड मी तिथेच साबण लावून खिडकीच्या गजावर वाळत घालते.